सत्ताविसाव्या पानावरचा त्रिकोण

वाचनालयाच्या पुस्तकात काही लिहू नये, अशी पाटी माझ्या वडिलांनी काउंटरच्या वर लावली होती. ती अजून आहे. आणि पुस्तकात काही लिहिलं नाही असा एकही सभासद आमच्याकडे आजवर झाला नाही. वर्षाला शंभर पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला आपण काय वाचलं ते लक्षात राहत नाही. म्हणून जो तो एक पान ठरवतो आणि वाचून झाल्यावर त्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करतो. कुणाची एकविसाव्या पानावर फुली, कुणाचा चाळिसाव्या पानावर ठिपका. पुस्तक बदलायला आलेली बाई आधी ते पान उघडते. खूण दिसली की नाक मुरडते आणि पुस्तक परत मांडणीत खुपसते, तेही उलटं. वडील आयुष्यभर यावर चिडले. मीही चिडते. मला चिडायला फारसं कारण लागत नाही.

या सगळ्या खुणा पाठ असलेला आमच्याकडे एकच माणूस, शिवराम ओव्हाळ. मी त्यांना काका म्हणते, कारण ते आमच्याकडे लागले तेव्हा मी सातवीत होते आणि काउंटरमागे बसून गृहपाठ करायचे. त्याआधी ते मानपाड्याला एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. कंपनी बंद पडली, तिशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कुणी घेईना, आणि विठ्ठलवाडीच्या बुद्धविहारातलं पुस्तकांचं कपाट सांभाळायचा अनुभव एवढ्याच भांडवलावर ते वडिलांसमोर येऊन उभे राहिले. वडिलांनी त्यांना एक सायकल आणि दोन कापडी पिशव्या दिल्या. घरपोच पुस्तकं पोचवायची.

पोचवायची म्हणजे नुसती पोचवायची नाहीत. घरपोच सभासदाला आठवड्याला दोन पुस्तकं मिळत, आणि ती कुठली, ते काका ठरवत. त्यांचा एकच नियम होता, एक गोष्टीचं आणि एक खरं. खरं म्हणजे चरित्र, प्रवास, पक्षी, किल्ले, मधुमेह, काय वाट्टेल ते. "नुसत्या गोष्टी वाचल्या की माणूस शेजाऱ्याशी बोलेनासा होतो," ते म्हणायचे, "आणि नुसतं खरं वाचलं की बायकोशी." दारात उभं राहून ते तीन प्रश्न विचारत. झोप लागते का, घरात कोण आजारी आहे, आणि मागचं पुस्तक कुठल्या पानावर सोडलं. कुठलं आवडलं, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. आवडलं म्हणून लोक खोटं सांगतात, सोडलं ते खरं सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या तीन उत्तरांवर त्यांची निवड चालायची, आणि ती चुकायची नाही. ज्याच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता, त्याला त्यांनी आजारावरचं पुस्तक दिलं नाही. पाणथळीतल्या पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक दिलं आणि सोबत एक विनोदी कादंबरी. रिपोर्ट वाईट आला. तो माणूस पुढे आठ महिने जगला आणि गच्चीतून बगळे मोजत बसायचा. त्याची बायको हे सांगायला मुद्दाम वाचनालयात आली होती. दहावीला दोनदा बसलेल्या मुलीला त्यांनी एका बाईच्या एकटीच्या प्रवासाचं पुस्तक दिलं आणि जोडीला भुताची गोष्ट. का, विचारलं तर म्हणाले, "घाबरलेली आहे. तिला थोडं अजून घाबरू दे, म्हणजे परीक्षेचं काही वाटणार नाही."

मला वाटायचं, या माणसाने किती वाचलंय. वडील गेल्यावर वाचनालय माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा कुठे मला कळलं की काकांनी आयुष्यात एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नाही. "जमत नाही, संचू," ते म्हणाले. "नाहीच झालेलं ते, मग वाचून काय करू?" खरी पुस्तकं त्यांची. गोष्टींचं सगळं खातं गोदाकाकूंचं.

गोदाकाकू म्हणजे त्यांची बायको. सातवी शिकलेल्या. घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायच्या आणि पुढ्यात पुस्तक उघडं ठेवायच्या. दर गुरुवारी काका त्यांच्यासाठी कादंबऱ्या न्यायचे आणि पुढच्या गुरुवारपर्यंत जेवताना काकू त्यांना त्या सांगायच्या. कोण मरतं, कोण परत येतं, कुणाचं लग्न मोडतं, आणि ही कुणाला द्यावी, कुणाला चुकूनही देऊ नये. म्हणजे डोंबिवली पूर्वेतल्या दोनशे घरांत कुठली कादंबरी जायची, ते विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या सत्तावीस नंबरच्या खोलीत ठरत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. काकूंची खूणही सत्ताविसाव्या पानावरच असायची, खोलीच्या नंबरावरून. आकड्याच्या खाली इवलासा त्रिकोण. आमच्या डाव्या हाताच्या मांडण्यांत, जिथे सगळ्या कादंबऱ्या आहेत, तो त्रिकोण नसलेलं पुस्तक शोधावं लागे.

आता इथून पुढचं सांगायला मला जड जातंय, पण सांगते.

तीन वर्षांपूर्वी गोग्रासवाडीतल्या पाटकर वहिनींचा मुलगा सिद्धेश बाईकच्या अपघातात गेला. बावीस वर्षांचा. वहिनींनी चार महिने पुस्तकं घेतली नाहीत. मग एक दिवस काकांना दारात बघून म्हणाल्या, द्या काहीतरी, दुपार जात नाही. काकांनी दोन पुस्तकं दिली. आठ दिवसांनी वहिनी स्वतः वाचनालयात आल्या, एक कादंबरी काउंटरवर ठेवली आणि निघून गेल्या. मी ती चाळली. शेवटून दुसऱ्या प्रकरणात एकुलता एक मुलगा तळ्यात बुडून मरतो आणि आई त्याचे कपडे वाळत घालत राहते.

काका आले तसं मी त्यांना फाडून खाल्लं. मोठ्या माणसाशी बोलू नये ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पुस्तक हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "गोदा म्हणाली, यात मुलगा घरी परत येतो. वडिलांशी भांडून गेलेला, तो दिवाळीला परत येतो."

"ते दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकात असेल, काका."

"हो," ते म्हणाले. "असेल दुसऱ्या पुस्तकात." आणि तिथेच स्टुलावर बसले. मला वाटलं माझ्या बोलण्याने बसले. तेव्हाच त्यांना कळलं होतं, माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहणारी त्यांची मुलगी प्रीती दोघांना ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी काकूंना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, खुर्ची, आंबा, नदी. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून विचारलं, मावशी, कुठले तीन शब्द होते? काकूंनी बराच विचार केला आणि विचारलं, "का, पुढे काय झालं त्यांचं?" प्रीती हसली. मग बाहेर येऊन जिन्यात रडली. औषधं सुरू झाली. औषधाने हे थांबत नाही, थोडं हळू होतं, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

काकूंना मात्र कुणी काही सांगितलं नाही. काकांनी तसं सगळ्यांना बजावलेलं. "तिला कळता कामा नये. बाकी काय व्हायचं ते होऊ दे." आणि माझा त्यावर विश्वास बसला होता, की हे जमेल. भाजीत दोनदा मीठ पडलं की काका गुपचूप खात. गॅस बंद करायला विसरल्या की आपणच चालू ठेवला होता म्हणत. सगळं सांभाळता येत होतं. पण खुणांचं काय करणार?

एका दुपारी काकूंनी नवी म्हणून आणलेली कादंबरी उघडली. पंचवीसेक पानं वाचली, फार आवडली. मग सत्तावीसवर आल्या तर तिथे त्रिकोण. "मी हे वाचलंय?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, असेल दुसऱ्या कुणाची खूण. "माझा त्रिकोण मला कळत नाही होय?" काकूंनी दुसरं पुस्तक उघडलं. त्रिकोण. घरात होती ती सगळी उघडली. सगळ्यांत त्रिकोण आणि एकाचंही नाव ओळखीचं वाटेना. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून काढलं. काकांनी जेवायला उठवलं तर म्हणाल्या, "अहो, मी किती वाचलंय आणि माझ्याकडे काहीच नाही."

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळली ती सामंत सरांची तक्रार. सामंत सर निवृत्त शिक्षक, ऐतिहासिक कादंबऱ्यांवर जगणारे, आणि भांडायला माझ्याइतकेच तयार. त्यांची खूण म्हणजे एक छोटं वर्तुळ, आणि तेही नेमकं सत्ताविसाव्या पानावर. ते पुस्तकं आपटत म्हणाले, "सलग तीन आठवडे वाचलेली पुस्तकं घरी नेतोय मी. माझी वर्तुळं कुठे गेली? लोकांच्या खुणा खोडायला वर्गणी भरतो का आम्ही तुम्हाला?"

मी मांडणीतलं एक पुस्तक काढलं. सत्तावीस. आकड्याखाली करडा डाग, पेन्सिल खोडल्याचा. दुसरं काढलं, तिसरं काढलं. पहिल्या दोन मांडण्या पूर्ण झाल्या होत्या, तिसरी अर्धी. वाचनालय दुपारी एक ते पाच बंद असतं आणि किल्ली माझ्याशिवाय एकाच माणसाकडे होती.

दुसऱ्या दिवशी मी अडीच वाजता आले. काका शटर अर्धं खाली ओढून, ट्यूबलाइटच्या खाली स्टूल घेऊन बसले होते. मांडीवर पुस्तक, हातात शाळकरी पोरांचं पांढरं रबर. डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून सत्ताविसाव्या पानावर जे काही असेल ते घासून टाकत होते, त्रिकोण असो की वर्तुळ. मी ओरडायला तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "शंभरेक राहिलीत ह्या मांडणीतली. तेवढी करू दे, मग काय बोलायचं ते बोल." आणि मग त्यांनी मला काकूंची ती दुपार सांगितली.

मी घरी जाऊन दुसरं रबर घेऊन आले.

दोन महिने लागले आम्हाला. रोज दुपारी एक ते पाच. एकवीसशेच्या वर कादंबऱ्या. मी पान उघडून बघायचे, वर्तुळ असलं तर ठेवायचे, त्रिकोण असला तर काकांकडे सरकवायचे. सामंत सरांना मी सांगितलं की कागदाला कीड लागू नये म्हणून पुस्तकं साफ करून घेतली, त्यात गेल्या तुमच्या खुणा. त्यांनी तोंडसुख घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. कधी कधी एखादा त्रिकोण खूप जुना निघे, पेन्सिल कागदात मुरलेली, तेव्हा काका तो अंगठ्याने चाचपून म्हणत, "हे प्रीतीच्या वेळचं. पोटात होती तेव्हा हिने वाचलेलं." आणि घासायला लागत. एका बाईने चाळीस वर्षं वाचलं याचा जगात तेवढाच पुरावा होता आणि तो आम्ही दोघं मिळून पुसत होतो. मला ते कळत होतं. तरीही मी करत राहिले, कारण ती भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

आणि उपयोग झाला, हे कबूल केलं पाहिजे. काकूंना पुन्हा सगळी पुस्तकं नवी मिळाली. सहा-सात महिने त्या सुखात होत्या. वाचायच्या, शेवटी त्रिकोण काढायच्या. गुरुवारी पुस्तक परत आलं की काका तो इथे बसून खोडायचे. मी म्हणायचे, काका, या वयात नव्याने सगळं वाचायला मिळणारी बाई भाग्यवान म्हणायची. असली वाक्यं मी त्या दिवसांत बरीच बोलले.

मग गोष्टी मोठ्या वाटायला लागल्या. नवं माणूस गोष्टीत आलं की काकूंना ते कोण हे समजेना, मागे जाऊन बघावं तर मागचंही गेलेलं. चिडायच्या, पुस्तक फेकायच्या. काकांनी उजव्या हाताच्या मांडणीतून खरी पुस्तकं नेऊन बघितली. पक्षी, झाडं, नद्या, जिथे एका पानाचं दुसऱ्या पानाशी देणंघेणं नाही. चार दिवस चाललं. मग काकू म्हणाल्या, "यात कुणीच नाहीये हो."

दोनशे घरांसाठी पुस्तकं निवडलेला हा माणूस स्वतःच्या बायकोसाठी एक पुस्तक शोधत मांडण्यांमधून हिंडायचा. शेवटी सापडलं. एक छोटी कादंबरी, सव्वाशे पानांची, दुष्काळी गावातली एक बाई, तिची सासू आणि एक कुत्रा. एवढीच माणसं. ती काकूंनी शांतपणे वाचली. म्हणाल्या, "कुत्रा चांगलाय. ही पाटकर वहिनींना द्या, त्यांना बरं वाटेल." पाटकर वहिनींचं नाव कुठून आलं देव जाणे. काकांनी खूण खोडली आणि पुढच्या गुरुवारी तेच पुस्तक वर्तमानपत्राचं नवं कव्हर घालून नेलं. काकूंनी शांतपणे वाचलं. म्हणाल्या, कुत्रा चांगलाय, पाटकर वहिनींना द्या.

असं वर्षभर चाललं. आयुष्यात एकही कादंबरी पुरी न केलेल्या काकांनी ती पूर्ण वाचली, कितीतरी वेळा, काकूंच्या शेजारी बसून. त्यांना तोंडपाठ झाली. घरपोच पिशव्या तोवर बंद झाल्या होत्या. शेवटी शेवटी काका गोष्टीचं पुस्तक देताना दारात अडायचे, अंदाजाने द्यायचे, आणि अंदाज चुकायचे. लोकांनी मोबाईलकडे बघून त्यांना परत पाठवायला सुरुवात केली. आमचा एक गाळा मी भाड्याने दिला, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पण गुरुवारी काका विठ्ठलवाडीहून यायचे, ते एक पुस्तक घेऊन. स्टुलावर बसायचे, सत्तावीस उघडायचे, खोडायचे. तिथला कागद इतका झिजला की त्रिकोणाच्या जागी पलीकडची अक्षरं दिसायची. मी एकदा म्हटलं, दुसरी प्रत मागवू का? ते म्हणाले, "नको. खोडू हळूहळू."

मागच्या महिन्यात, गुरुवारीच, ते दुपारी आले. मी डबा खात होते. त्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा वर केला, पान खिडकीकडे धरलं. मग रबर काउंटरवर ठेवलं.

"संचू, आज खोडायला काही नाहीये."

"वाचलं नसेल काकूंनी."

"वाचलं. माझ्या शेजारी बसून वाचलं. पेन्सिलही दिली हातात. बघत राहिली तिच्याकडे."

"मग विसरल्या असतील, काका," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते. काकांनी मान डोलावली. त्यांनी मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग डाव्या हाताच्या मांडण्यांकडे बघत म्हणाले, "एखादा राहिला असेल का गं कुठे? आपल्या नजरेतून सुटलेला? तिचा एक हवा होता मला."

मी डबा बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं. पहिल्या मांडणीपासून सुरुवात केली. तीच पुस्तकं, तेच पान. मी काढून द्यायचे, काका खिडकीकडे धरून बघायचे आणि परत द्यायचे. त्या दिवशी दोन मांडण्या झाल्या. शुक्रवारी ते पुन्हा आले, शनिवारी आले, पुढचा आख्खा आठवडा आले. सामंत सरांची वर्तुळं दिसली, नवी काढलेली. कुणाकुणाच्या फुल्या दिसल्या, ठिपके दिसले. शेवटची फळी त्यापुढच्या मंगळवारी चार वाजता संपली.

त्रिकोण एकही नव्हता. आम्ही काम फार नीट केलं होतं.